दोनशे तासांचा हिशेब

दोनशे तास म्हणजे आठ दिवस आणि आठ तास. ज्याला सगळे सीपीएल म्हणतात तो व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळवायला भारतात विमान उडवण्याचा एवढाच अनुभव लागतो. हे आठ दिवस आकाशात काढायला मुलामुलींना दीड ते अडीच वर्षं लागतात, काहींना त्याहूनही जास्त. उडण्यात जाणाऱ्या पैशाचा हिशेब आधी मांडता येतो. जमिनीवर वाट पाहण्यात जाणारा पैसा मात्र कोणत्याच संस्थेच्या फी-पत्रकात छापलेला नसतो.

‘पायलट व्हायला किती खर्च येतो?’ या प्रश्नाला म्हणूनच एका आकड्यात उत्तर देता येत नाही. आज ढोबळमानाने परवान्यापर्यंत ४५ ते ६० लाख आणि मोठं प्रवासी विमान चालवण्याच्या खास प्रशिक्षणाचे, म्हणजे टाइप रेटिंगचे, आणखी १२ ते २० लाख धरून चाला. यात फरक पडतो तो तुम्ही कोणती गोष्ट आधी करता आणि कोणती नंतर, यावरून. माहितीपत्रकं ‘प्रवेश घ्या’ इथून सुरू होतात. मी उलटा क्रम सांगतो: स्वस्त पण निर्णायक गोष्टी आधी, मोठा चेक सगळ्यांत शेवटी.

डॉक्टर आधी, संस्था नंतर

बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवं, ही पहिली अट. कॉमर्स किंवा आर्ट्सची मुलं हे दोन विषय मुक्त विद्यालयातून स्वतंत्रपणे देतात आणि ते चालतं. ही अट काढून टाकण्याचा विचार २०२५ मध्ये पुढे आला, पण विचारावर विसंबून घर गहाण टाकू नये. अर्जाच्या दिवशी नियम काय आहे ते डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, संकेतस्थळावर स्वतः वाचावं. वयाचं म्हणाल तर शिकाऊ परवाना सोळाव्या वर्षी मिळतो, व्यावसायिक परवाना अठराव्या.

दुसरी अट आरोग्याची, आणि खरी चाळणी तीच. आधी ‘क्लास २’ वैद्यकीय तपासणी होते. डीजीसीएने नेमलेले डॉक्टर ती करतात. मुंबई-पुण्यात ते सहज सापडतात आणि खर्च काही हजारांत असतो. त्यानंतर ‘क्लास १’. ही बंगळूरच्या हवाई दलाच्या वैमानिकी वैद्यक संस्थेत, दिल्लीच्या हवाई दलाच्या केंद्रात किंवा मान्यताप्राप्त नागरी तपासनीसांकडे होते. डोळे, रंगदृष्टी, कान, हृदयाचा आलेख, रक्त, लघवी, वजन असं सगळं बारकाईने पाहतात. शिकाऊ परवान्याला क्लास २ पुरतं. म्हणून पुष्कळ संस्था ‘क्लास १ नंतर करू’ म्हणतात आणि मुलगा फी भरून मोकळा होतो. व्यावसायिक परवाना मात्र क्लास १ शिवाय मिळत नाही. वीस लाख भरून झाल्यावर रंगदृष्टीतला दोष कळणं यासारखा दैवदुर्विलास नाही. क्लास १ चं प्रमाणपत्र हातात येईपर्यंत कुठल्याही संस्थेला नोंदणीच्या रकमेपलीकडे एक रुपयाही देऊ नका. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

दोन गैरसमज. चष्मा असला की संपलं, असं नाही. ठरलेल्या मर्यादेत आणि चष्म्याने नजर पूर्ण सुधारत असेल तर चालतो. आणि ‘टेम्पररी अनफिट’ असा शेरा म्हणजे नकार नव्हे. वाढलेलं वजन, रक्तातली साखर, नाकाचं वाकडं हाड अशा कारणांनी तो मिळतो. उपचार करून पुन्हा तपासणी देता येते. पण त्यात महिने जातात. ते महिने फी भरण्याआधीचे असले तर फुकट, नंतरचे असले तर महाग.

मंडळाची गुणपत्रिका आणि आडनाव

परीक्षांना बसण्यासाठी डीजीसीएकडून आधी ‘कॉम्प्युटर नंबर’ घ्यावा लागतो. त्यासाठी बारावीच्या गुणपत्रिकेची मंडळाकडून पडताळणी करून आणायची. काम साधं, पण सरकारी. वेळ धरूनच ठेवा. इथे महाराष्ट्रातल्या मुलांचा एक खास घोळ होतो. आपल्या मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. आधारवर नाव आधी. पासपोर्टवर आणखी तिसरंच काही, कुठे वडिलांचं नाव गाळलेलं. परवाना देणाऱ्या खात्याला ही तीन माणसं वाटली तर दोष त्यांचा नाही. बारावीचा निकाल लागला की सगळ्यात आधी ही नावं एकसारखी करून घ्या. पाचशे रुपयांचं प्रतिज्ञापत्र आज करायचं की चाळीस लाख खर्च झाल्यावर परवान्याच्या दारात अडकून बसायचं, एवढाच प्रश्न आहे.

मग पेपर. एअर नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, हवाई नियम, टेक्निकल जनरल आणि ज्या विमानावर शिकाल त्याचा टेक्निकल स्पेसिफिक. उत्तीर्ण व्हायला ७० टक्के लागतात. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. शेवटचा पेपर संस्थेतल्या विमानाशी जोडलेला असल्याने तो तिथेच होईल, पण पहिले चार घरी बसून देता येतात. यांचे ग्राउंड क्लास मुंबई, पुणे, दिल्लीत चालतात, ऑनलाइनही. अडीच ते चार लाख घेतात. नेव्हिगेशन मुलांना जड जातं आणि हवामानशास्त्राला पाठांतर समजून बरेच जण पडतात. खरं तर ज्याने कोकणातला आणि मराठवाड्यातला पाऊस पाहिला आहे, त्याला डोंगर ढगाला काय करतो हे निम्मं ठाऊकच असतं.

माझं मत ठाम आहे: फ्लाइंग सुरू करण्याआधी हे चार पेपर काढून टाका. सहा-आठ महिने जातील, पण घरच्या वरण-भातावर जातील. संस्थेत गेल्यावर पहाटे विमानतळ, दुपारी अभ्यास आणि संध्याकाळी ‘उद्याच्या यादीत माझं नाव आहे का’ या काळजीत पेपर मागे पडतात. पुढे तास पूर्ण होऊनही परवाना अडतो. शिवाय मुलाला खरोखर हे करायचं आहे की विमानतळावरचा गणवेश आवडला आहे, हेही या आठ महिन्यांत कळतं. तीन लाखांत कळलं तर स्वस्तच पडलं म्हणायचं.

आणखी एक परीक्षा असते, आरटीआर. विमानातल्या रेडिओवरून बोलण्याच्या परवान्याची. पूर्वी ती दूरसंचार खातं घेई. १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या भारतीय वायुयान अधिनियमाने ते काम डीजीसीएकडे आलं. वर्षानुवर्षं मुलं इथे अडखळत आली आहेत, कारण पुस्तकातलं ज्ञान तोंडातून ठरलेल्या शब्दांत, ठरलेल्या क्रमाने, न अडखळता यावं लागतं. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना याची उगाच धास्ती असते. रेडिओवरचं इंग्रजी हे कॉलेजातलं इंग्रजी नव्हे. त्यात मोजके शब्द असतात आणि ते तालमीने बसतात. एका मित्राला कंट्रोलर करा, रोज अर्धा तास बोला. कॉन्व्हेंटच्या मुलांइतकंच, कधी त्यांच्यापेक्षा नेटकं जमतं, कारण आगाऊ शब्द घालायची सवय नसते.

तासाचा भाव

आता खर्चाचा मोठा भाग. दोनशे तासांची फोड अशी: शंभर तास तुम्ही स्वतः विमानाचे प्रमुख म्हणून उडवायचे. त्यातले किमान २० तास लांब पल्ल्याचे, आणि त्यातलं एक उड्डाण ३०० सागरी मैलांचं, म्हणजे सुमारे ५५५ किलोमीटरचं. वाटेत दोन वेगळ्या विमानतळांवर पूर्ण उतरायचं. रात्रीचे पाच तास, दहा उड्डाणं आणि दहा वेळा उतरणं. बाहेर न पाहता फक्त उपकरणांवर विमान चालवण्याचे किमान दहा तास; पण नोकरीला लागणारं इन्स्ट्रुमेंट रेटिंग हवं तर ते चाळीस, त्यातले वीसपर्यंत सिम्युलेटरवर चालतात. बहुतेक संस्था १८५ तास एका इंजिनाच्या विमानावर आणि १५ तास दोन इंजिनांच्या विमानावर देतात.

एका इंजिनाच्या विमानाचा ताशी भाव साधारण १५ ते १८ हजार धरा. १८५ तासांचे झाले २८ ते ३३ लाख. दोन इंजिनांचं विमान ताशी ४० हजारांच्या घरात; १५ तासांचे सहा लाख. भाव एवढा का, असं पालक विचारतात. सेसना १५२ किंवा १७२ सारखी विमानं मोटारीच्या पेट्रोलवर नाही, अॅव्हगॅस नावाच्या खास इंधनावर चालतात. २०२२ मध्ये इंडियन ऑइलने वडोदऱ्याच्या शुद्धीकरण कारखान्यात ते बनवायला सुरुवात करेपर्यंत आपण ते बाहेरूनच आणत होतो. डायमंड कंपनीची नवी विमानं जेट इंधनावर चालतात, तिथे इंधन स्वस्त पडतं. पण विमानच महाग. सुटे भाग आयात, विमा चढा, देखभाल ठरलेल्या तासांनी सक्तीची. म्हणजे भाव फार पाडून मिळणार नाही. जी संस्था फारच स्वस्तात देते, तिची विमानं उडतात किती ते बघावं.

याखेरीज राहणं-जेवण महिना १५ हजार धरलं तरी दोन वर्षांचे साडेतीन लाख. हेडसेट, गणवेश, नकाशे, चेकच्या उड्डाणांचे पैसे, परीक्षा आणि परवान्याची शुल्कं, वैद्यकीय तपासण्या यांचे मिळून आणखी दोन-तीन लाख. आणि ‘फी इतकी, वर जीएसटी’ असं कोणी सांगितलं तर कारण विचारायला लाजू नका: डीजीसीए-मान्य संस्थांच्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमांना जीएसटीतून सूट आहे. १८ टक्क्यांचा फरक चाळीस लाखांवर सात लाखांचा असतो.

दोनशे तासांतही अडचण येते. पहिल्यांदा एकट्याने विमान उडवण्याची, म्हणजे सोलोची, तयारी कोणाची पंधरा तासांत होते, कोणाची तिसाव्या तासापर्यंत लांबते. सोलो झाल्यावर सहकारी अंगावर पाण्याच्या बादल्या ओततात. त्या दिवशी फोन घरी येतो आणि घरचेही रडतात. पण वाढलेल्या तासांचं बिलही घरीच येतं. करारात दोनशेच तास धरलेले असतील तर जास्तीच्या तासाचा दर काय, तो आजचा की त्या दिवशीचा, हे लिहून घ्या.

थांबण्याचा खर्च

महाराष्ट्रात शिकायच्या जागा कमी नाहीत. १९२८ साली सुरू झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबमध्ये, जुहूच्या धावपट्टीवर, जे. आर. डी. टाटा शिकले आणि १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना मिळालेल्या परवान्यावर क्रमांक होता १. त्याच क्लबचं उड्डाण-प्रशिक्षण आता धुळ्याला चालतं. मुंबईच्या गजबजलेल्या आकाशात शिकाऊ विमानाला जागा कुठली? शिरपूर, बारामती इथेही प्रशिक्षण चालतं. गोंदियाजवळ बिरसीला भारतीय विमानतळ प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई यांनी मिळून उभी केलेली राष्ट्रीय संस्था आहे. अमरावतीजवळ बेलोऱ्याला वर्षाला १८० वैमानिक घडवणारी संस्था उभारण्याचं एअर इंडियाने २०२४ मध्ये जाहीर केलं. राज्याबाहेर सरकारी म्हणावी अशी सर्वांत नावाजलेली म्हणजे उत्तर प्रदेशात फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी. तिथे प्रवेश परीक्षा, मुलाखत, कल चाचणी असं सगळं पार करावं लागतं.

यातली चांगली कोणती? डीजीसीएने २०२५ पासून वर्षातून दोनदा संस्थांची प्रतवारी जाहीर करायला सुरुवात केली आहे. पहिल्याच यादीत वरच्या दोन श्रेणी रिकाम्या राहिल्या, यातच काय ते आलं. ती यादी जरूर पाहा, पण तिच्यावर थांबू नका. तुमचा खरा प्रश्न एकच असायला हवा: इथे एका विद्यार्थ्याचे महिन्याला किती तास होतात? महिन्याला वीस तास होत असतील तर दहा-बारा महिन्यांत काम फत्ते. आठ होत असतील तर पंचवीस महिने. मधले तेरा महिने खोलीभाडं, खानावळ आणि कर्जावरचं व्याज चालूच.

तास का रखडतात? पहिलं कारण आपलं हवामान. जून ते सप्टेंबर ढग खाली येतात, वारा उलटसुलट, दृश्यमानता कमी. शिकाऊ विमानं हँगरमध्ये. उत्तरेत पावसाळा तुलनेने सुसह्य, पण डिसेंबर-जानेवारीचं धुकं सकाळ गिळतं. म्हणजे जूनमध्ये प्रवेश घेऊन लगेच उडायला मिळेल ही आशा सोडा. पेपर पावसाळ्यात आणि फ्लाइंग ऑक्टोबरपासून, असं जुळवलं तर कोरडे आठ महिने सलग मिळतात. संस्थेचा मार्केटिंगवाला ‘आत्ताच जागा भरतील’ म्हणेल. भरू देत.

बाकीची कारणं माणसांची. कागदावर बारा विमानं, उडण्याजोगी पाच. एक सुट्या भागाची वाट पाहतंय, दुसऱ्याचं इंजिन खोललेलं. इन्स्ट्रक्टरांना विमान कंपनीत नोकरी लागते आणि ते जातात. परीक्षक वेळेवर मिळत नाही. रात्रीच्या उड्डाणांना धावपट्टीवर दिवे हवेत. ते नसले तर मुलांना पाच तासांसाठी दुसऱ्या गावी न्यावं लागतं. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे क्षमतेपेक्षा जास्त घेतलेली मुलं.

म्हणून फी एकरकमी भरू नका, कितीही ‘सूट’ मिळत असली तरी. हप्ते महिन्यांना बांधलेले नकोत, तासांना बांधलेले हवेत: इतके तास झाले की पुढचा हप्ता. सोडून गेल्यास उरलेल्या तासांचे पैसे किती दिवसांत परत, हेही करारात हवं. संस्था याला तयार नसेल तर तिला स्वतःच्या वेगाचा भरवसा नाही असं समजा.

एक कटू गोष्ट सांगायलाच हवी. तास रखडले की ‘लिहून टाकू’ असं सुचवणारं कोणीतरी भेटतं. न उडवलेले तास लॉगबुकात भरण्याला या धंद्यात ‘पार्कर पेनचे तास’ म्हणतात. २०११ मध्ये खोट्या गुणपत्रिकांवर परवाने मिळवणारे वैमानिक पकडले गेले, तेव्हा देशभर तपासण्या झाल्या. पकडलं जाण्याची भीती हा मुद्दा दुय्यम आहे. ज्या तासात तुम्ही आडव्या वाऱ्यात उतरायला शिकणार होता तो तास कागदावरच राहिला, तर वारा तुमचं लॉगबुक वाचत नाही.

परदेशाचा आणि कंपन्यांचा रस्ता

अमेरिका, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड इथे जाणारी मराठी मुलं कमी नाहीत. तिथे तास भराभर होतात, हवामान साथ देतं, वर्षभरात परवाना मिळू शकतो. पण तो परवाना त्या देशाचा. भारतात परतल्यावर हवाई नियमांचा आणि नेव्हिगेशन-हवामानाचा एकत्रित पेपर, आरटीआर, वैद्यकीय, भारतीय नोंदणीच्या विमानावर चाचणी उड्डाणं एवढं करून तो बदलून घ्यावा लागतो. त्यात काही महिने आणि काही लाख जातात. शिवाय तिथल्या संस्थेचा अभ्यासक्रम भारताच्या अटींशी तंतोतंत जुळेल असं नाही. तिथले तास भरले आणि इथल्या अटीतले काही कमी पडले, तर ते इथे येऊन भाड्याने भरावे लागतात. जाण्याआधीच भारतीय अटींची यादी संस्थेच्या हातात द्या. रुपया घसरला की बजेट बिघडतं, तेही धरून चाला.

दुसरा रस्ता विमान कंपन्यांच्या कॅडेट योजनांचा. चाळणी परीक्षा, मग ठरलेल्या संस्थेत प्रशिक्षण, टाइप रेटिंगसह, आणि अटी पूर्ण केल्यास नोकरीचं पत्र. एकूण खर्च कोटीच्या घरात किंवा वर. पैसे असतील तर हा रस्ता सरळ आहे. पण त्या पत्रातला ‘अटी’ हा शब्द दहा वेळा वाचा. नोकरी कधी देणार, कंपनीला त्या वेळी गरज नसली तर काय, मधेच निवड रद्द झाली तर पैशाचं काय, याची उत्तरं तोंडी नकोत.

पैसे अजिबात नसतील आणि उडायचंच असेल, तर तिसरा रस्ता खडकवासल्याहून जातो. तिथल्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत आता मुलींनाही प्रवेश आहे. २०२२ मध्ये गेलेली त्यांची पहिली तुकडी २०२५ मध्ये बाहेर पडली. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवा पूर्वतयारी संस्था मुलांना आणि नाशिकची मुलींना प्रबोधिनीच्या प्रवेश परीक्षेसाठी तयार करते. इथे सरकार तुमच्यावर खर्च करतं आणि बदल्यात आयुष्याची उमेदीची वर्षं मागतं. विमान कंपनीत जायचा स्वस्त मार्ग म्हणून हवाई दलाकडे पाहू नका. तिथली निवड समितीही ते ओळखते.

कर्ज काढण्याआधी

सरकारी बँका शैक्षणिक कर्ज देतात, पण साडेसात लाखांपुढे तारण मागतात, आणि इथे रक्कम त्याच्या सातपट. म्हणजे घर, फ्लॅट किंवा शेताला लागून असलेली बिनशेती जमीन. एक आकडा डोळ्यांसमोर ठेवा. ५० लाखांचं कर्ज, ११ टक्के व्याज, दहा वर्षांची मुदत: हप्ता महिना सुमारे ६९ हजार. शिकत असताना हप्ता नसतो, पण व्याज साचतं. पूर्ण रक्कम उचललेली असेल तर वर्षाला साडेपाच लाख. मुलाचा तास महिनाभर रखडला तर घरच्या डोक्यावर ४५ हजार वाढले, असा याचा अर्थ. आयकरात व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते, जुन्या करपद्धतीत.

सामाजिक न्याय खात्याच्या योजनांची जिल्हा कार्यालयात चौकशी करा. इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्त विद्यार्थ्यांसाठी ‘महाज्योती’ने नागपूर फ्लाइंग क्लबमार्फत व्यावसायिक वैमानिक प्रशिक्षणाची योजना राबवायला घेतली होती; पण अशा जागा मोजक्या असतात आणि जाहिरात आली कधी, गेली कधी ते कळत नाही. महाज्योतीच्या संकेतस्थळावर महिन्यातून एकदा नजर टाकायला पैसे पडत नाहीत.

आता ते ज्याबद्दल बोलायला कोणालाच आवडत नाही. परवाना मिळाला म्हणजे नोकरी मिळाली असं नाही. २०२३ मध्ये डीजीसीएने १,६२२ व्यावसायिक परवाने दिले; तोवरचा तो उच्चांक होता. त्याच वर्षी एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानांची मागणी नोंदवली, आणि त्याच वर्षी मे महिन्यात गो फर्स्ट ही विमान कंपनी बंद पडली. त्याआधी २०१९ मध्ये जेट, २०१२ मध्ये किंगफिशर. कंपनी बुडते तेव्हा शेकडो अनुभवी वैमानिक बाजारात येतात आणि दोनशे तासवाला रांगेत मागे सरकतो. मागणी नोंदवलेली विमानं यायलाही वर्षं लागतात.

या मधल्या काळात परवाना जिवंत ठेवावा लागतो. इन्स्ट्रुमेंट रेटिंगची चाचणी दर वर्षी, वैद्यकीय दर वर्षी, त्यासाठी विमानाचं भाडं. वर्षाला लाख-दोन लाख बाजूला ठेवलेच पाहिजेत, आणि ते सुरुवातीच्या बजेटमध्येच. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ चं टाइप रेटिंग हातात नोकरीचं पत्र आल्याशिवाय करू नये असं माझं मत आहे. ए३२० चं करून ठेवलं आणि भरती निघाली ७३७ वाल्याची, तर पंधरा लाख भिंतीवर टांगायचे. उलट इन्स्ट्रक्टर होणं मला शहाणपणाचं वाटतं: थोडं जास्तीचं प्रशिक्षण घेऊन आधी सहायक, मग पूर्ण इन्स्ट्रक्टर. पगार बेताचा, पण तास वाढतात आणि त्यांचे पैसे दुसरा देतो. नोकरी लागली की सिम्युलेटर, मग प्रशिक्षक कॅप्टनच्या शेजारी बसून प्रवाशांसह उड्डाणं, मग फर्स्ट ऑफिसर. दीड हजार तास आणि पुढचे पेपर झाले की कॅप्टनपदाला लागणारा परवाना. प्रशिक्षणाच्या काळातलं विद्यावेतन पूर्ण पगाराच्या बरंच खाली असतं, तेव्हा पहिल्या महिन्यापासून ६९ हजारांचा हप्ता पेलेल हे गृहीत धरू नका.

एक पदवीही हवी. सीपीएलला ती लागत नाही, म्हणूनच मुलं टाळतात. वैमानिकाची नोकरी दर वर्षी डॉक्टरच्या सहीवर चालते; चाळिशीत हृदयाच्या आलेखात काही निघालं तर बारावी पास एवढीच ओळख उरते. नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून शिकता-शिकता पदवी होते. आणि नोकरी लागल्यावर परवाना गमावल्यास भरपाई देणारा विमा पहिल्याच वर्षी घ्यावा.

मुलींच्या पालकांचा एक वेगळा प्रश्न असतो, ‘तिला जमेल का?’ १९८५ मध्ये कोलकाता-सिलचर मार्गावर फॉकर विमानाचं सर्व महिला कर्मचाऱ्यांचं उड्डाण झालं, तेव्हा कमांडर होत्या कॅप्टन सौदामिनी देशमुख. २०२३ च्या त्या १,६२२ परवान्यांपैकी सुमारे १८ टक्के मुलींचे होते. विमानाला हे कळत नाही, फी तर दोघांनाही सारखीच.

हे सगळं जुळलं आणि संस्था निवडायची वेळ आली की ऑक्टोबर ते मेमधला एक साधा कामाचा दिवस निवडा. न कळवता जा. आदल्या रात्री त्या गावात मुक्काम करा आणि सकाळी सहाला धावपट्टीच्या कुंपणाशी, बाहेरच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसा. दहा वाजेपर्यंत किती विमानं उठली, किती वेगवेगळ्या नोंदणी क्रमांकांची होती, ते वहीत लिहा. चहाला येणाऱ्या मुलांना विचारा, ‘कधी आलास? किती तास झाले?’ दोन आकड्यांचा भागाकार तिथेच करा. ऑफिसात जायचं ते त्यानंतर.